चांद्याचं जंगल फिरलेला साहेब देशाचा खजिनदार झाला, तूट पडली आणि कात्री सिरोंच्याच्या नदीवर चालली

दरवर्षी मार्च महिना आला की राज्याच्या अर्थसंकल्पाची चर्चा सुरू होते. तूट किती, कर्ज किती, व्याज किती, हे आकडे दोन दिवस टीव्हीवर फिरतात आणि मग लोक विसरून जातात.

पण खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. पैसे कमी पडले तर खर्च कुठला कापायचा?

पगार थांबवता येत नाहीत. पेन्शन थांबवता येत नाही. कर्जाचं व्याज तर अजिबात थांबवता येत नाही. मग थांबतं काय? मंजूर झालेला रस्ता, अर्धवट पूल, दवाखान्याची इमारत. आणि ही कामं जितकी राजधानीपासून लांब, तितका त्यांचा आवाज कमी.

हे आजचं नाही. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडे प्रांतांना पहिल्यांदा स्वतःचा म्हणता येईल असा खर्चाचा हिशोब मिळाला, तोही तुटीच्या काळातच मिळाला. त्यावेळी देशाच्या तिजोरीवर जो माणूस बसला होता, तो काही वर्षं आधी चांदा जिल्ह्याचा कारभार पाहून गेला होता. सिरोंच्याच्या नदीवर त्यानं मोठी आशा धरली होती.

त्याचं नाव सर रिचर्ड टेंपल.

नागपूरकरांना हा माणूस अजब बंगल्यामुळे माहीत असतो. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय त्याच्याच काळात सुरू झालं. पश्चिम महाराष्ट्रात त्याचं नाव निघतं ते दुष्काळात मजुरांची मजुरी कापणारा साहेब म्हणून. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या दोन्हींच्या मधला जो भाग आहे, तो आज सांगायचा आहे.

तर हा टेंपल होता कोण?

जन्म ८ मार्च १८२६, इंग्लंडमधल्या वूस्टर शहराजवळच्या केम्प्सी गावचा. रग्बीच्या शाळेत शिकला, मग ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलीबरी कॉलेजात गेला आणि विशीतच बंगालच्या मुलकी नोकरीत लागला. पंजाबात जॉन लॉरेन्सच्या हाताखाली त्याचं नाव झालं. भरपूर काम करणारा, घोड्यावरून मैलोनमैल फिरणारा आणि लांबलचक अहवाल लिहिणारा अशी त्याची ओळख होती. निसर्गाची चित्रंही काढायचा.

मग आलं १८५७. उठाव मोडून काढताना सरकारवर कर्जाचा डोंगर झाला. तिजोरीला वळण लावायला १८५९ च्या अखेरीस लंडनहून जेम्स विल्सन आला. हा ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचा संस्थापक. त्यानं भारताचा पहिला अर्थसंकल्प मांडला, पहिला आयकरही त्यानंच आणला. विल्सनच्या हाताखाली काम करायला टेंपलला घेतलं होतं. विल्सन १८६० च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारला, पण तूट म्हणजे काय आणि ती भरायची कशी, याचे पहिले धडे टेंपलनं तिथे घेतले.

आता येऊया आपल्या भागात.

नागपूरचे तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये गेले आणि डलहौसीनं १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. २ नोव्हेंबर १८६१ ला नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून ‘मध्य प्रांत’ तयार झाला. १८६२ मध्ये टेंपल या प्रांताचा कारभार बघायला नागपुरात आला. पद चीफ कमिशनर, वय ३६.

या प्रांताच्या दक्षिण टोकाला होता चांदा जिल्हा, म्हणजे आजचा चंद्रपूर आणि गडचिरोलीचा बराचसा भाग. गडचिरोली हा वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला झाला, तोपर्यंत सगळा चांदाच. आजच्या गडचिरोलीचं अगदी खालचं टोक, म्हणजे सिरोंचा, हे मात्र तेव्हा वेगळ्या ‘अप्पर गोदावरी’ जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं. हा मुलूख १८६० मध्ये निजामाकडून इंग्रजांकडे आला होता.

टेंपल आला तेव्हा इथली जखम ताजी होती. चारच वर्षांपूर्वी, २१ ऑक्टोबर १८५८ ला, बाबूराव शेडमाके यांना चांद्यात फाशी दिली गेली होती. गोंड जमीनदार आणि त्यांच्या मागचा माडिया-गोंड समाज हा नव्या सरकारला धाक वाटणारा समाज होता.

टेंपलनं काय केलं, तर आधी मोजदाद.

त्यानं जमीनदाऱ्यांवर अहवाल लिहिला. कुणाला मांडलिक संस्थानिक मानायचं आणि कुणाला साधा जमीनदार, हे ठरायला त्यातून सुरुवात झाली. स्टीफन हिस्लॉप हे नागपूरचे मिशनरी १८६३ मध्ये बोरीजवळ नदीत बुडून गेले. गोंड आणि इतर आदिवासींवरची त्यांची टिपणं टेंपलनं १८६६ मध्ये छापून आणली. डिसेंबर १८६५ मध्ये नागपुरात मोठं प्रदर्शन भरवलं. जमिनीची मोजणी होऊन महसूल ठरू लागला, गावोगावच्या मालगुजारांना मालकी हक्क मिळाले. चंद्रपूर-गडचिरोली-भंडाऱ्याकडे आजही ‘मामा तलाव’ म्हणतात, ते म्हणजे माजी मालगुजारी तलाव. ते तलाव त्याच्याही आधीचे, पण ‘मालगुजार’ हा शब्द सरकारी कागदात पक्का झाला तो या काळात.

आणि जंगल?

रेल्वे येत होती. रेल्वेला स्लीपर लागतात, म्हणजे सागवान लागतो. मध्य प्रांतात वनखातं नुकतंच उभं राहिलं होतं. आजवर ज्या जंगलात माणसं झाडं तोडून, जाळून, राखेत बी पेरून फिरती शेती करत होती, ते जंगल आता सरकारच्या वहीत ‘उत्पन्न’ म्हणून चढू लागलं. माडियांच्या भाषेत या शेतीला पेंदा म्हणतात. सरकारच्या भाषेत ती नासाडी ठरली. १८६५ मध्ये देशाचा पहिला वन कायदा आला, १८७८ मध्ये त्याहून कडक कायदा आला.

ही गोष्ट लक्षात ठेवा. जंगलातून पैसा यायला सुरुवात झाली होती. तो पैसा परत जंगलाकडे जाणार का, हा प्रश्न पुढे येणार होता.

त्याला उत्तर म्हणून एक योजना होतीही. ती होती नदीची.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला. इंग्लंडची नजर वऱ्हाड आणि हिंगणघाटच्या कापसाकडे वळली. कापूस होता, पण तो समुद्रापर्यंत न्यायचा कसा? बैलगाडीनं मुंबई गाठायची म्हणजे महिने जायचे.

तिकडे आंध्रात सर आर्थर कॉटन यांनी राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरमला गोदावरीवर बंधारा बांधून खालचा त्रिभुज प्रदेश हिरवा केला होता. योगायोग बघा, नावातच कापूस. त्यांचं म्हणणं होतं की गोदावरी वरपर्यंत नावा चालतील अशी करता येईल. म्हणजे वर्धा नदीतून प्राणहितेत, प्राणहितेतून सिरोंच्याजवळ गोदावरीत आणि तिथून थेट पूर्व किनाऱ्याला.

अडचण होती ती तीन ठिकाणच्या खडकांची. पहिला अडथळा दुम्मुगुडेमला. दुसरा इंद्रावती गोदावरीला मिळते त्याच्या खाली, इंचमपल्लीला. तिसरा प्राणहितेवर, अहेरीच्या बाजूला देवलमरीला. या प्रत्येक ठिकाणी बंधारा, कालवा आणि नावा वर-खाली नेणारे दरवाजे बांधायचे अशी योजना. काम कर्नल हेग या इंजिनिअरकडे होतं.

टेंपल स्वतः या खोऱ्यात उतरला, नदी पाहिली, १८६३ मध्ये अहवाल लिहिला आणि योजनेची बाजू घेतली. त्याच्या हिशोबात हे फक्त कापसाचं काम नव्हतं. रस्ता नसलेल्या, बाजार नसलेल्या एका मोठ्या वनप्रदेशाला जगाशी जोडणारी ती वाट होती. सिरोंचा हे त्या वाटेवरचं मोठं बंदर झालं असतं.

काम सुरू झालं. पण जंगलातला हिवताप माणसं पाडत होता, मजूर टिकत नव्हते, आणि नदीला वर्षाचे काही महिनेच पुरेसं पाणी असायचं. खर्च लाखांच्या घरात वाढत गेला.

१८६७ मध्ये दोन गोष्टी झाल्या. मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली, म्हणजे वऱ्हाड-वर्ध्याच्या कापसाला मुंबईची वाट मिळाली. आणि टेंपलनं मध्य प्रांत सोडला. आधी हैदराबादला रेसिडेंट, मग परराष्ट्र सचिव आणि १८६८ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थ सदस्य. आजच्या भाषेत देशाचा अर्थमंत्री.

आणि तो तिथे बसला तेव्हाच तिजोरीला भोक पडलं होतं.

१८६९ च्या सुरुवातीला लॉर्ड मेयो व्हाइसरॉय म्हणून आला. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात शिल्लक दाखवली होती. काही महिन्यांतच कळलं की शिल्लक नाही, तूट आहे. मेयोनं वर्ष संपायची वाट पाहिली नाही. वर्षाच्या मध्यातच आयकर एक टक्क्यावरून दोन टक्के केला. मद्रास आणि मुंबईत मिठावरचा कर वाढवला. आणि खर्चात सगळ्यात मोठी कात्री लावली सार्वजनिक बांधकामाला.

पुढच्या वर्षी, १८७०-७१ ला, आयकर रुपयाला सहा पै झाला, म्हणजे तीन टक्क्यांच्या थोडा वर. शहरातल्या व्यापाऱ्यांनी, वकिलांनी, गोऱ्या अंमलदारांनी आरडाओरडा केला. वर्तमानपत्रं भरून गेली. टेंपल आयकराच्या बाजूचा होता, कारण मीठ गरीबही खातो आणि आयकर कमावणाराच भरतो. पण ओरड जिंकली. १८७१ मध्ये दर एकदम खाली आला आणि १८७३ मध्ये आयकर बंदच झाला.

मिठावरचा कर राहिला.

ज्याला ओरडता येतं त्याचा कर जातो आणि ज्याला ओरडता येत नाही त्याचा राहतो, हे तेव्हाचं गणित होतं.

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद. तारीख १४ डिसेंबर १८७०.

तोपर्यंत प्रांतांकडे स्वतःचं बजेट असं नव्हतंच. नागपूरच्या चीफ कमिशनरला एखादी छोटी जागा भरायची असली तरी कलकत्त्याची मंजुरी लागायची. सगळा महसूल केंद्राकडे जायचा, मग प्रांतांनी मागण्या करायच्या. यात शहाणपण कशात होतं, तर जास्तीत जास्त मागण्यात. जो काटकसर करेल त्याची वाचलेली रक्कम केंद्राकडे परत जाणार. मग काटकसर करणार कोण?

मेयोच्या ठरावानं हे बदललं. तुरुंग, नोंदणी, पोलीस, शिक्षण, दवाखाने, छपाई, रस्ते, सरकारी इमारती ही खाती प्रांतांकडे दिली आणि त्यासाठी दरवर्षी ठराविक रक्कम द्यायचं ठरलं. उरले तर तुमचे, कमी पडले तर तुमचं तुम्ही बघा. आज केंद्र आणि राज्यांत वित्त आयोगावरून जो वाद चालतो, त्याचं मूळ शोधत गेलं तर या कागदापाशी पोचतं.

कागदावर ही सुधारणाच होती. पण त्यात दोन खोच होत्या.

पहिली म्हणजे प्रांतांना दिलेली एकूण रक्कम आधीच्या खर्चापेक्षा कमी होती. म्हणजे अधिकारासोबत तूटही खाली ढकलली. ती भरायला अनेक प्रांतांनी जमिनीवर नवे उपकर लावले. बंगालात १८७१ मध्ये रस्त्यांसाठी असाच उपकर बसला.

दुसरी खोच जास्त खोल होती. कुणाला किती द्यायचं, हे ठरलं मागच्या खर्चावरून. ज्या प्रांतात आधीपासून शाळा आणि दवाखाने होते, त्याचा जुना खर्च मोठा, म्हणून त्याला रक्कम मोठी. ज्या प्रांतात शाळाच नव्हत्या, त्याचा खर्च कमी, म्हणून त्याला रक्कमही कमी. गरज कुणाची जास्त, हे कुणी मोजलं नाही.

मध्य प्रांत नऊ वर्षांचा होता. आणि त्यातला चांदा सगळ्यात टोकाला.

आणखी एक गोष्ट. जंगलाचं उत्पन्न या वाटणीत प्रांतांना दिलं नाही. ते केंद्राकडेच राहिलं. जंगलाच्या उत्पन्नात प्रांताला वाटा मिळायला १८८२ उजाडावं लागलं. तोवर सागवान चांद्यातून जायचा आणि चांद्यातल्या शाळेचा खर्च मात्र ठराविक रकमेतून भागवायचा, अशी व्यवस्था होती.

मग नदीच्या कामाचं काय झालं?

१८७१ मध्ये भारत सरकारनं गोदावरीच्या वरच्या भागातलं काम थांबवलं. दुम्मुगुडेमचा बंधारा उभा राहिला होता, वरचे टप्पे अपुरेच राहिले. कारणं खोटी नव्हती. रेल्वे आली होती, नदी वर्षभर साथ देत नव्हती, खर्च हाताबाहेर गेला होता. हिशोबाच्या वहीत हा निर्णय बरोबरच दिसतो.

पण ती वही ज्याच्या खात्याची होती, त्यानंच आठ वर्षांपूर्वी याच नदीची बाजू मांडली होती. टेंपलला सिरोंचा माहीत नव्हतं असं नाही. अख्ख्या कौन्सिलात हे खोरं पायाखालून घातलेला माणूस त्याच्याशिवाय क्वचितच कुणी असेल. तरीही काम थांबलं. कारण तुटीच्या वर्षी माहिती असून भागत नाही, ज्या गोष्टीमागे कुणी उभं नाही ती आधी कापली जाते. आयकराविरुद्ध कलकत्ता आणि मुंबई उभी होती. सिरोंच्यामागे कोण होतं?

आणि नदीच्या बदल्यात काही दिलं का, तर रेल्वे गेली वर्ध्याहून वरोऱ्याला. तिथे कोळसा होता. अहेरी आणि सिरोंच्याकडे कोळसाही नव्हता आणि रेल्वेही गेली नाही. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाच मोडला. भद्राचलमकडचा भाग मद्रासला दिला आणि सिरोंचा चांद्याला जोडलं. जिल्ह्याचं मुख्य ठाणं असलेलं गाव एका मोठ्या जिल्ह्याच्या टोकाचा तालुका होऊन बसलं.

टेंपलची गोष्ट इथे संपत नाही.

१८७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला. टेंपलला तिकडे पाठवलं. त्यानं ब्रह्मदेशातून तांदूळ आणला, मोठ्या प्रमाणावर वाटला आणि पाण्यासारखा पैसा खर्च केला. माणसं वाचली, भूकबळी फार थोडे झाले. याला शाबासकी मिळायला हवी होती ना? झालं उलटं. उधळपट्टी केली म्हणून त्याच्यावर टीका झाली. धान्य उरलं, याचाही दोष त्याच्या माथी आला.

तीन वर्षांनी, १८७७ च्या सुरुवातीला, दख्खन आणि मद्रासमध्ये त्याहून भयंकर दुष्काळ होता. व्हाइसरॉय लिटननं पुन्हा टेंपललाच पाठवलं, पण सूचना खर्च आवरायची होती. या वेळी टेंपलनं धडा बरोबर गिरवला. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे असा दर ठरवला. इतिहासात त्याला ‘टेंपल वेज’ म्हणतात. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला हे पुरणार नाही, असं मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी मांडलं. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारला निवेदनं पाठवली. पुढे मद्रासला दर वाढवावा लागला, पण तोवर फार उशीर झाला होता. त्या दुष्काळात पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली, असा अंदाज आहे.

बिहारमध्ये माणसं वाचवून बोलणी खाल्लेल्या अधिकाऱ्यानं पुढच्या वेळी तिजोरी वाचवली. आणि त्याला पद मिळालं. १८७७ मध्येच टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला. वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये बंड केलं, तेव्हा गव्हर्नर हाच होता.

१८८० मध्ये तो राजीनामा देऊन इंग्लंडला गेला, तिथे निवडणूक हरला, पुढे १८८५ मध्ये खासदार झाला, आठवणींची पुस्तकं लिहिली आणि १५ मार्च १९०२ ला वारला.

त्याला नुसता खलनायक म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण त्यातून काही कळत नाही. हा माणूस कामचुकार नव्हता, अडाणी नव्हता, आपल्या मुलखाला अनोळखीही नव्हता. त्याला चांदा माहीत होता, बिहारची भूक त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. पण वरून ज्या गोष्टीची किंमत होत होती, तीच त्यानं जपली. भुकेलेला मजूर आणि सिरोंच्याचा नावाडी, या दोघांनाही त्याला जाब विचारायची सोय नव्हती. कारण त्या अर्थसंकल्पाला मत देणारा त्यांचा माणूस कुठेच बसलेला नव्हता.

सिरोंच्याच्या नदीनं पुढेही बरंच पाहिलं. इंचमपल्लीला धरण बांधायची चर्चा अनेक दशकं चालली. शेवटी मोठं काम झालं ते तेलंगणानं बांधलेलं मेडीगड्डा, २०१९ मध्ये. पाणी तेलंगणासाठी, आणि पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींत सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्याही जमिनी. भरपाईसाठी त्यांना आंदोलनं करावी लागली.

आज मात्र एक फरक आहे. आज चंद्रपूर आणि गडचिरोलीचे आमदार विधानसभेत बसतात आणि अर्थसंकल्पाची पुस्तकं कुणालाही वाचता येतात. त्यामुळे पुढच्या मार्चमध्ये फक्त भाषणातल्या घोषणा ऐकू नका. पुस्तकात एकाच कामासमोर तीन आकडे असतात. अर्थसंकल्पी अंदाज म्हणजे द्यायचे ठरवलेले पैसे. सुधारित अंदाज म्हणजे वर्ष सरत आल्यावर त्यातले किती उरवले. आणि प्रत्यक्ष खर्च म्हणजे शेवटी किती पोचले.

तुटीच्या वर्षी कात्री कुणावर चालली, हे पहिल्या आकड्यात कधीच दिसत नाही. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात दिसतं. आपल्या तालुक्यातला पूल, आश्रमशाळा किंवा दवाखाना यांच्यासमोरचे हे तीन आकडे एकदा शेजारी मांडून बघा आणि आमदारांना त्यावर प्रश्न विचारा. १८७१ मध्ये सिरोंच्याकडे हा मार्ग नव्हता.